जहागीरदारांचा अरबी घोडा

रणधीरराव जहागीरदारांनी अस्सल अरबी समजून एक तरणा घोडा मोठ्या कौतुकाने घेतला. चाबुकस्वार गेनबाने त्याला महिनाभर शिकवलं, पण लगाम कुठेही ओढा, घोडा वळायचा तो कुंभारवाड्याकडेच.

जहागीरदार तापले. "अरबी घोडा आपला मायदेश जन्मात विसरत नाही, एवढी त्याला अक्कल असते. खोट तुझ्या शिकवण्यात आहे. आज मी बसतो. घोडा भरकटला, तर तुझी चाकरी गेली."

घोडा त्यांना घेऊन थेट कुंभाराच्या अंगणात शिरला आणि एका म्हाताऱ्या गाढविणीच्या मानेवर मान टाकून उभा राहिला.

"आता बोल, भरकटला की नाही?" जहागीरदार गरजले.

मागून धापा टाकत आलेल्या गेनबाने मुजरा केला. "नाही, सरकार. अरबस्तान आलं. उतरा."