लोभाला लावलेली तीट

“यात हाव दिसते ना, बुवा?”

हा प्रश्न या कथेच्या प्रत्येक रूपात येतो. विचारणारा तेवढा बदलतो. जुन्या रूपात तो सोन्याची लंका चितारणारा चित्रकथी आहे, घाटावरच्या रूपात कुबेराचं भांडार रंगवणारा देवळाचा चितारी. सर्वांत अलीकडच्या रूपात तो हर्षद केळुसकर आहे. शहरात नाव झालेला हा चित्रकार डोंगरावरच्या मठात आपल्या पहिल्या गुरूंपुढे, रेवणबुवांपुढे, घामाघूम उभा आहे.

चित्र भिंतीएवढं होतं. देव्हाऱ्यात देवांच्या जागी मोबाइल, फ्रीज, बूट. किमतीच्या चिठ्ठ्यांच्या माळा. आणि पुढ्यात हात जोडलेली गर्दी.

चित्र शहरात न्यायला खाली रस्त्यावर टेम्पो उभा होता. उद्या प्रदर्शनाचं उद्घाटन.

“काल शेजारच्या काकू बघून गेल्या,” हर्षद म्हणाला. “मला वाटलं, त्यांना शिसारी येईल. तर म्हणतात, ‘हा फ्रीज कुठल्या कंपनीचा रे?’”

“मग? सांगितलीस कंपनी?”

“बुवा, थट्टा नको. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. प्रदर्शनातही लोक हेच विचारू लागले, तर मी इतकी वर्षं केलं काय?”

बुवा चित्रापुढे बसून राहिले...

खालून हॉर्न वाजला.

बुवा उठले. समईवरची काजळी त्यांनी बोटावर घेतली आणि रंगवलेल्या फ्रीजच्या झळाळत्या दारावर एक काळा ठिपका टेकवला.

“बुवा! हे काय केलंत?”

“तीट लावली.”

“तीट?”

“देखण्या लेकराला लावतात, तशी.”

“पण हे लेकरू नाही! मी याचा धिक्कार केलाय.”

“असं होय? धिक्काराच्या गालावर ऊन फार छान पडलंय.”

हर्षदने मान खाली घातली. फ्रीजच्या दारावरचं ते ऊन साधायला त्याने जिवाचं रान केलं होतं.

बुवांचं बोट गर्दीकडे वळलं. राखाडी रंगाचे गोळे, एकावर एक.

“यांना डोळे कुठायत?”

“मुद्दाम नाही काढले. ही माणसं वस्तूंत हरवलीत.”

“हं. यातल्या काकू कुठल्या?”

हर्षदने गर्दी पाहिली. पुन्हा पाहिली...

“कुणीच नाही, बुवा.”

“फ्रीजला वेळ जास्त लागला, की माणसांना?”

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी लांबलचक.

हर्षदने झोळीतून फडकं काढलं. तीट पुसायला हात पुढे गेला आणि ठिपक्यापाशी थबकला.

“उद्या उद्घाटन आहे, बुवा. आमंत्रणं गेलीत. एवढ्या माणसांचे डोळे काढायला वेळ कुठाय?”

बुवांनी समई उचलून चित्राजवळ आणून ठेवली.

“नसेल, तर तीट पुरे. फ्रीजला तरी दृष्ट लागणार नाही.”

हर्षद दाराशी गेला. ड्रायव्हरला त्याने हाताने जायची खूण केली.

टेम्पो रिकामाच उतारावरून गेला.