टिटवीची हाक आणि जंगलाची ओ

डोंगराच्या कुशीत एक जंगल होते, त्या जंगलात एक तळे होते आणि त्या तळ्याच्या बांधावर एक टिटवी राहत असे. तुम्ही म्हणाल, जंगल म्हटले की तळे असायचेच, त्यात काय मोठे? पण मुलांनो, हे तळे आभाळातून पडलेले नव्हते. जंगलातल्या प्राण्यांच्या आज्या-पणज्यांनी ओढ्याला बांध घालून ते स्वतः तयार केले होते. कुणा राजाने हुकूम सोडला नव्हता, की कुणाला कामाचा मोबदला मिळाला नव्हता. ज्याला झेपला त्याने दगड आणला, ज्याला दगड झेपेना त्याने चोचीतून माती आणली. अशा तळ्याचे पाणी प्यायला मान खाली घालावी लागते खरी, पण पिऊन झाले की ती अभिमानाने वर होते.

बांधाची डागडुजी दरवर्षी वैशाखात व्हायची आणि त्यासाठी सगळ्यांना बोलावण्याचे काम टिटवीच्या घराण्याकडे होते. टिटवी बांधावर उभी राहून हाक मारायची, "टिटिव्, टिटिव्! बांधावर या हो, बांधावर या!" तिच्या आजीच्या काळी या हाकेला सगळे जंगल लोटायचे म्हणे. पण वर्षामागून वर्षे गेली आणि येणारे कमी होत गेले. त्या वैशाखात तर टिटवीने घसा कोरडा होईपर्यंत हाका मारल्या आणि आला कोण? एक ससा. त्याने पुढच्या पायांनी ढकलत ढकलत एक पांढरा गोल दगड आणला, बांधाच्या भेगेत बसवला आणि कपाळावरचा घाम पुसत तो निघून गेला.

तळ्यातले म्हातारे कासव हे सगळे बघत होते. ते हळूच म्हणाले, "पोरी, एवढ्याशा डागडुजीवर बांध फार काळ टिकायचा नाही. बांध गेला तर तू उडून जाशील, हरणं धावत नदी गाठतील. मी कुठे जाऊ?"

 उडायला शिकण्याआधी टिटवीने याच कासवाच्या पाठीवर बसून जग पाहिले होते.

तेवढ्यात पाणी प्यायला आलेला कोल्हा मिशीतल्या मिशीत हसला. "टिटवीबाई, गोड बोलून कुणी येतं का? बांधावर वाघ आलाय म्हणून ओरडा!"

"वाघ आलाय म्हटल्यावर येतील की पळतील, कोल्होबा?"

"तेही खरंच," कोल्हा म्हणाला. "मग असं करा. आभाळ पडू नये म्हणून तुम्ही टिटव्या पाय वर करून झोपता ना? एक पाय बांधालाही लावा की!" आणि स्वतःच्याच विनोदावर खुश होत तो निघून गेला.

पुढे ज्येष्ठात टिटवीची अंडी उबली. खड्यांसारख्या ठिपक्या-ठिपक्यांच्या अंड्यांतून इवलाली पिल्ले बाहेर आली आणि लगेच तुरुतुरु चालायलाही लागली. टिटवीला आनंद कुठे ठेवू आणि कुठे नको असे झाले. तिने उंच भरारी घेतली आणि सगळ्या जंगलाला ऐकू जाईल अशी साद घातली, "टिटिव्, टिटिव्, टिटिव्!"

आणि काय सांगू मुलांनो, पाहता पाहता सगळे जंगल रिकामे झाले! हरणांचा कळप धूळ उडवत डोंगरापलीकडे गेला. माकडे शेंड्यावर जाऊन बसली. ससा बिळात शिरला. अस्वल तर पाठमोरे होऊन असे पळाले की त्याने मागे वळूनही पाहिले नाही. खाली बांधावर नवी नवी पिल्ले आईकडे टकामका बघत होती आणि त्यांचे कौतुक करायला एक कासव सोडले तर कुणीच नव्हते.

टिटवी खाली उतरली. तिला आधी राग आला, मग रडू आले आणि मग लख्ख कळले. आपण हाक मारतो ती एक तर संकट आले म्हणून, नाही तर काम आहे म्हणून. आपल्या तोंडून जंगलाने दुसरे काही कधी ऐकलेच नाही. मग आनंदाची हाक त्यांना ओळखू यायची कशी?

"आजोबा," ती कासवाला म्हणाली, "आता मी रोज हाक मारणार. वर्षभर!"

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तशी टिटवी बांधावर उभी राहिली आणि तिने पाण्याचे महत्त्व सांगायला सुरुवात केली. पाणी म्हणजे काय, बांध म्हणजे काय, पूर्वजांचे उपकार किती, आपले कर्तव्य कोणते. तिचे म्हणणे अगदी खरे होते. पण खरे असले म्हणून काय झाले? पहिल्या दिवशी प्राणी घाबरले. दुसऱ्या दिवशी कंटाळले. मग हरणे कान पाडून चरायला लागली आणि कोल्हा वाटेने जाता जाता विचारू लागला, "काय टिटवीबाई, आज कोणता धडा?"

एका सकाळी सांगण्यासारखे काही उरलेच नाही. टिटवी चोच उघडून नुसतीच उभी राहिली. समोरच्या झाडीवर जांभळाची झाक दिसत होती. तिने सहज विचारले, "जांभळं पिकली का हो कुठे?"

 मग दूर नाल्यापलीकडून एक जाडाभरडा आवाज आला, "ओ! इथे पिकलीत! पण वरच्या फांदीची आंबट आहेत हं, खालच्याच खा!"

ते अस्वलमामा होते. आणि अस्वलमामांचे ऐकून माकड ओरडले, "काहीतरीच काय! वरचीच गोड असतात. मामा, तुम्हाला चढवत नाही म्हणून आंबट!" त्यावर हरणे हसली, पोपटांनी तिसरेच झाड सुचवले आणि बघता बघता सगळ्या जंगलात जांभळांवरून गोड भांडण जुंपले. टिटवी मात्र बांधावर स्तब्ध उभी होती. जांभळांकडे तिचे लक्षच नव्हते. तिच्या कानांत एकच अक्षर घुमत होते. ओ! जंगलाने आज तिच्या हाकेला ओ दिली होती.

तेव्हापासून टिटवीने आपली रीतच बदलली. मागायचे वर्षातून एकदा, विचारायचे मात्र रोज, असे तिने ठरवून टाकले. ज्या ऋतूत ज्याला बोलण्यासारखे असेल, तो ऋतू त्याचा. आषाढ मोराचा झाला. "मोरदादा, आज कोणत्या टेकडीवर?" एवढे विचारायचा अवकाश, मोर पिसारा सावरत आपल्या नाचाचे बेत सांगू लागायचा. तो इतका रंगला की श्रावण आला तरी थांबेना. शेवटी बेडूक चिखलातून ओरडले, "अहो, आता आमचा महिना सुरू झालाय! दुसऱ्यांनाही गाऊ द्या की!" हिवाळ्यात दूरदेशीची बदके तळ्यावर उतरली, तेव्हा टिटवीने त्यांना वाटेतल्या गोष्टी सांगायला लावल्या. बर्फाचे डोंगर ऐकताना माकडे एकमेकांना अशी बिलगून बसली की जणू त्यांनाच थंडी वाजत होती. फाल्गुनात कुणाच्या वाटेवरचा पळस आधी फुलतो याची चढाओढ लागली.

पण सगळ्यांत मोठी गंमत झाली ती एका धुक्याच्या सकाळी. टिटवीने हाक मारली, "ससेभाऊ, अहो ससेभाऊ! तुम्ही बसवलेल्या पांढऱ्या दगडावर खंड्या बसलाय. त्यानं आत्ताच तिथून मासा धरला!"

ससा झाडीतून बाणासारखा आला. एकटा नव्हे, बायकापोरांसह आला. "तो बघा, तो पांढरा," तो सगळ्यांना दाखवत होता. "तो मी आणलाय. मी!" त्याची छाती इतकी फुगली होती की तो ससा आहे की कबूतर असा प्रश्न पडावा. झाडाआडून अस्वलमामा हे बघत होते. जरा वेळाने ते घसा खाकरून म्हणाले, "टिटवीताई, यंदा वैशाखात कधी बोलावणार आहेस? नाही, आपलं सहज विचारतोय."

रोजच ओ मिळायची असे मात्र नाही. काही सकाळी एकही आवाज यायचा नाही. आणि बांधाजवळच्या बिळातले साळिंदर? त्याने तर वर्षभरात तोंडातून ब्र काढला नाही. टिटवी रोज त्याच्या बिळाशी हाक मारायची, "साळूभाऊ, बरे आहात ना?" आत सगळे चिडीचूप.

"ते बीळ रिकामं असेल," कोल्हा म्हणायचा. "तुम्ही मातीशी बोलताय, बाई."

"असेना," टिटवी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारायची.

वैशाख आला. टिटवीने एकच हाक मारली आणि बांधावर पाय ठेवायला जागा उरली नाही. अस्वलाने धोंडा आणला, हरणांनी खुरांनी माती दाबली, माकडांनी दगडांची रांग लावली. मोराने एक चपटा खडा आणला आणि तो सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी बसवायचा हट्ट धरला. कासवआजोबांनी मान पुरती बाहेर काढून ते दृश्य पाहिले आणि बराच वेळ ती आत घेतलीच नाही.

"झालं की मग काम," कोल्हा म्हणाला. "आता तरी सकाळची झोप घेऊ द्या जंगलाला."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवीची हाक होतीच.

त्या वर्षी भाद्रपदात झड लागली ती थांबायचे नाव घेईना. पावसाच्या आवाजावर आपला आवाज पोचावा म्हणून टिटवी रोज जिवाच्या आकांताने हाक मारत होती. शेवटी तिचा घसा बसला. आणि नेमक्या त्याच सकाळी ओढ्यातून वाहत आलेला एक भलामोठा ओंडका बांधावर आदळला. दोन दगड निखळले. त्यांच्या जागी पाण्याची धार सुटली आणि धारेबरोबर माती वाहू लागली.

टिटवीने चोच उघडली. आवाज आलाच नाही. तिने पुन्हा जोर लावला. नुसती हवा! जंगलभर उडत जाऊन एकेकाला उठवावे, तर तोवर बांध राहणार नव्हता. खाली कासवआजोबा त्या फटीला पाठ लावून उभे होते आणि पाणी त्यांना बाहेर ढकलत होते. टिटवीने चोचीत चिखल घेतला आणि फटीत लिंपला. तो वाहून गेला. तिने पुन्हा घेतला. तोही वाहून गेला. 'जेव्हा काही नको होते तेव्हा रोज बोलावले,' तिच्या मनात आले, 'आणि आज हवे आहे तर बोलावता येत नाही.'

इतक्यात बांधाखालची माती हलली. त्या गप्प बिळातून आधी काटे बाहेर आले आणि मग तारवटलेल्या डोळ्यांचे साळिंदर.

"काय गं," ते कुरकुरले, "रात्रभर फिरून आलो की तुझी हाक ऐकूनच मी रोज झोपतो. आज हाकच नाही. केव्हापासून कूस बदलतोय, झोपच येईना!"

टिटवीने पंखाने फटीकडे बोट दाखवावे तसे दाखवले. साळिंदराची झोप पार उडाली. ते पुढच्या नख्यांनी भराभर माती उकरून फटीकडे लोटू लागले.

आणि तेव्हाच पावसाच्या पडद्यापलीकडून एक आवाज आला. "टिटवीताई! ओ टिटवीताई!" तो अस्वलमामांचा होता. पाठोपाठ माकडाचा, "ताई, आज हाक का नाही?" मग सशाचा, हरणांचा, बेडकांचा, मोराचा. वर्षभर एक टिटवी जंगलाला हाक मारत होती, आज सगळे जंगल टिटवीला हाक मारत होते. आणि तिला ओ देता येत नव्हती! ओ आली नाही, म्हणूनच सगळे धावले. टेकडीवरून हरणे उतरताना दिसली, मागे डुलत डुलत अस्वल, त्याच्या पाठीवर माकडे. बांधावर येताच काय झाले आहे ते कुणाला सांगावे लागले नाही. अस्वलाने निखळलेला धोंडा ओळखला. "अरे, हा तर माझाच!" म्हणत त्याने तो पाण्यातून उचलला आणि होता तिथे घट्ट बसवला. सशाने आधी आपला पांढरा दगड जागेवर आहे की नाही ते पाहून घेतले आणि मग तो माती लोटायला लागला. कोल्हाही आला होता. "मी आपला बघायला आलोय," तो म्हणाला. पण माकडाने त्याच्या तोंडात काटक्यांची मोळी दिली, त्यामुळे त्याला पुढे काही बोलता आले नाही.

दुपारपर्यंत धार बारीक झाली, मग थेंब झाली, मग थांबली. कासवआजोबांनी फटीपासून पाठ काढली आणि ते पाण्यात सरकले. पाणी त्यांच्या डोक्यावरून गेले. तळे काठोकाठ भरलेले होते आणि बांध उभा होता.

चिखलाने माखलेले सगळे प्राणी बांधावर बसले होते. अस्वलमामांनी मिशीतले पाणी झटकले आणि अगदी टिटवीच्या रोजच्या सुरात विचारले, "काय टिटवीताई, बरी आहेस ना?"

 टिटवीने मान वर केली, घशात उरलासुरला होता तेवढा आवाज गोळा केला आणि घोगरी, बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओ दिली.

साळिंदर तेवढ्यावरच उठले. "चला," ते म्हणाले, "आता लागेल झोप."

तात्पर्य : काम पडले की मगच मारलेली हाक एकटी पडते, जो वर्षभर आपल्या माणसांची विचारपूस करतो, त्याचे गप्प राहणेही त्यांना ऐकू जाते.