माणकाईचा कौल

माणदेशातल्या तरटगावी नारायणगिरी महाराजांचा मुक्काम पडला तो फाल्गुनात. गावाबाहेर ओढ्याकाठी महादेवाचे एक जुने देऊळ होते. महाराजांनी ते झाडून घेतले, कोपऱ्यात घोंगडी टाकली आणि राहिले. कुणी भाकरी आणून दिली तर खात, त्यातली अर्धी दाराशी बसणाऱ्या कुत्रीला देत. प्रवचन वगैरे काही नाही. कुणी विचारले तर बोलत.

त्यांच्याकडे मायाप्पा धनगर येऊन बसे. त्याची बायको गजरा पौषात वारली होती. शेवटी तिचे डोके मायाप्पाच्या मांडीवर होते. जीव जाताना एकेका श्वासासाठी कशी धडपड होते, ते त्याने पाहिले. त्यानंतर सुरीखाली जनावर पाहणे त्याला सोसेना. जन्माचा मेंढका, मटण खाऊन वाढलेला. पण घास घशाखाली उतरेना. महाराजांना त्याने एवढेच सांगितले. महाराजांनी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि म्हणाले, "तुला कळले आहे. आता सोडू नकोस."

चैत्रात गावदेवी माणकाईची जत्रा भरे. दर वर्षी एका घराने पाळीने बोकड द्यायचा आणि पहिला घाव पाटलांनी घालायचा, असा मान होता. पण त्याआधी देवीचा कौल घेत. बोकडाच्या पाठीवर पाणी ओतायचे. त्याने अंग झाडले की देवीने त्याला मागितले. अंग झाडेपर्यंत कोयता लावायचा नाही. आता पाणी पडल्यावर कोणते जनावर अंग झाडत नाही? कौल मिळाला नाही, असे गावात कधी झालेच नव्हते.

यंदा पाळी मायाप्पाची होती. त्याच्या कळपात बोकड एकच. आई मेलेले ते पिल्लू गजराने बोटाने दूध चाटवून जगवले होते.

मायाप्पा पारावर गेला. जोत्याजी पाटील पान लावत बसले होते.

"पाटील, म्या माळ घातलीया. आईला पुरणाचा निवद करतो, नारळ देतो. बोकड मातूर मागू नका."

पाटलांनी आजूबाजूला पाहिले. "ऐकलं का रं? मेंढक्यानं माळ घातली! उद्या लांडगा बी एकादशी धरंल."

सगळा पार हसला. कुणीतरी म्हणाले, "बायकू गेल्यापासनं गडी हळवा झालाय."

मायाप्पा खाली मान घालून उभा राहिला. मग पाटील हसायचे थांबले. "हे बघ. बोकड आला न्हाई, तर तुझी मेंढरं या शिवारात दिसायची न्हाईत. आन गावात रोगराई आली तर ती तुझ्या माथी."

चैत्रात मेंढरे घेऊन जाणार कुठे? मायाप्पा तसाच महादेवाच्या देवळात आला आणि रडला. महाराजांनी सारे ऐकून घेतले. म्हणाले, "बोकड घेऊन जा."

"महाराज! तुमी बी असंच म्हणायचं?"

"माणकाई एकट्या पाटलांची आई आहे, की बोकडाची पण?"

"समद्यांचीच हाय की."

"मग तिला विचारायला का भितोस?"

"पर पानी पडलं की त्यो अंग झाडनारच."

"झाडले, तर त्याच्या मानेआधी माझी मान पुढे करीन," महाराज म्हणाले आणि कुत्रीला भाकरी मोडून घालू लागले.

जत्रेच्या दिवशी भर दुपारी बोकड माणकाईपुढे उभा केला. फरशी चटके देत होती. बोकडाच्या गळ्यात झेंडूची माळ. दावे मायाप्पाच्या हातात. महाराज येऊन त्याच्याशेजारी उभे राहिले.

भाना गुरवाने बोकडाच्या पाठीवर तांब्या ओतला. बोकड उभाच. पुन्हा ओतला. पाणी पोटाखालून निथळले, पण त्याने कान हलवला नाही. ढोल थांबला.

"कानात घाल," पाटील म्हणाले. गुरवाने कानात पाणी घातले. पाटलांनी काडी घेऊन कानात फिरवली. बोकड त्यांच्याकडे बघत राहिला. आयाबाया कुजबुजू लागल्या.

"गोसावड्यानं करणी केलीय!" पाटील भडकले. त्यांनी कोयता गुरवाच्या हाती दिला, स्वतः बोकडाला दोन्ही गुडघ्यांत आवळले आणि ओरडले, "आण ती घागर! ओत समदी!"

गुरव घाबरला होता. एका हातात कोयता तसाच धरून त्याने घागर पालथी केली. निम्मे पाणी बोकडावर पडले आणि निम्मे पाटलांच्या फेट्यावरून पाठीवर. आणि काय सांगावे! बोकड होता तसा राहिला. पाटलांचे अंग मात्र थडथडू लागले. खांदे, मान, हात, सारे अंग झाडू लागले. आवरायला गेले तर अधिकच. दात वाजू लागले.

"कौल झाला!" गर्दीतून एक म्हातारी सवयीने ओरडली, आणि मग तिनेच तोंडावर हात ठेवला.

गुरव कोयता घेऊन पाटलांशेजारी उभा होता. तो कोयत्याकडे बघे, देवीकडे बघे, पाटलांच्या मानेकडे बघे. पाटलांनी त्याची नजर पाहिली. त्यांना पळता येईना, बोलता येईना.

एवढ्यात मायाप्पाने दावे सोडले आणि तो मध्ये शिरला. खांद्यावरची घोंगडी त्याने पाटलांवर टाकली. "भाना, कोयता खाली ठेव! कुनाच्या बी अंगाला लावायचा न्हाई. भ्यालेत ते!"

महाराज पुढे आले. त्यांनी पाटलांच्या पाठीवर हात ठेवला. थरथर हळूहळू थांबली.

"पाटील, आता काय वाटत होते?"

"सुटावं वाटत हुतं, महाराज." पाटलांना हुंदका आला. "निस्तं सुटावं."

"दर वर्षी या जागी उभ्या राहणाऱ्याला तेच वाटते. त्याला सांगता येत नाही, एवढेच."

पाटलांनी घोंगडीच्या टोकाने डोळे पुसले. मग म्हणाले, "पर कौल माझ्यावर आलाय. आईला काय देऊ?"

"तुम्हाला सर्वांत मोठे वाटते ते द्या."

पाटलांनी गुरवाच्या हातून कोयता घेतला. पहिल्या घावाचा मान त्यांच्या घराण्यात आज्या-पणज्यापासून चालत आला होता. तो कोयता त्यांनी माणकाईच्या पायाशी ठेवला आणि म्हणाले, "आई, ह्यो मान तुझा तुला. माझ्या घरात आता नको." तरटगावच्या जत्रेत तेव्हापासून पुरणाचाच नैवेद्य होऊ लागला.

कोयता ठेवून पाटील महाराजांच्या पायांकडे वळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझे पाय कशाला? तुमच्यासाठी मध्ये कोण पडले ते बघा."

पाटील वळले. मायाप्पा बोकडाची ओली पाठ धोतराच्या सोग्याने पुसत होता. भर जत्रेत, अवघ्या गावादेखत, जोत्याजी पाटलांनी फेटा काढून बाजूला ठेवला आणि त्या मेंढक्याच्या अनवाणी पायांवर डोके टेकवले.