गेनूने आणलेला कंपायलर

एका गावच्या शाळेत गेनू नावाचा एक भोळा शिपाई होता. अंगाने आडदांड, मनाने गरीब. सांगितलेलं मन लावून ऐकायचा. पंचाईत एवढीच, की ऐकलेलं विसरायचा नाही.

शाळेला नवाकोरा कॉम्प्युटर मिळाला होता. त्याला पास्कल नावाच्या प्रोग्रामच्या भाषेचा कंपायलर लागायचा, म्हणजे पोरांनी लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारा. तो कुठल्या दुकानात मिळेना. आणि शिक्षण खात्याचे साहेब तर तपासणीला येणार. पास्कल चाललं नाही, तर कॉम्प्युटर उचलून शेजारच्या गावच्या शाळेला देणार. घोरपडे सरांचा त्या मशीनवर पोटच्या पोरासारखा जीव. त्यांना अन्न गोड लागेना.

कोल्हापूरच्या एका मित्राकडे कंपायलर निघाला. सरांनी गेनूला धाडलं. मित्राने तो भरलेली जुन्या पद्धतीची पातळ, रुंद फ्लॉपी दिली. ती खिशात मावेना, म्हणून गेनूने चार घड्या घालून टोपीत ठेवली.

सरांनी कपाळ बडवून घेतलं. म्हणाले, अरे बाबा, वाकू द्यायचं नसतं. दोन फळ्यांमध्ये ताठ बांधायचं.

"बरं," गेनू म्हणाला.

मग सांगलीच्या एका रेडिओवाल्याकडे पास्कल सापडलं, पण कॅसेटवर. गेनू फळ्या नि सुतळी घेऊनच गेला. बघतो तर फीत आत वळून बसलेली. आता बोला! स्टँडवर बसून त्याने ती सगळी उपसली, सरळ केली नि फळ्यांत बांधली. फळ्या हातभर, फीत गावभर. उरलेली त्याने कंडक्टरला धरायला दिली.

सर रडायचेच बाकी राहिले. म्हणाले, गुंडाळलेलं असेल ते गुंडाळलेलंच राहू दे. कोणी काही म्हटलं तरी उलगडायचं नाही.

"बरं."

शेवटी मिरजेच्या कॉलेजातून सर स्वतःच फ्लॉपी घेऊन आले. पास्कल चाललं. पोरं नाचली. सरांनी फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी मारली. हे कशाला, गेनूने विचारलं. सर म्हणाले, चांगलं चालायला लागलं की लगेच पट्टी मारायची, म्हणजे कोणाला वर काही लिहिता येत नाही.

"बरं."

साहेब आले. प्रोग्राम बघून खूश झाले. "झकास. कॉम्प्युटर इथेच राहील, तसं लिहूनच देतो," म्हणाले नि पेन काढून टेबलावर वाकले. सर आनंदाने चहा सांगायला पळाले.

गेनू बघत होता. साहेब वाकलेत. त्यात सगळं चांगलं चाललेलं असताना लिहायला लागलेत.

सर परतले तेव्हा साहेब दोन फळ्यांमध्ये ताठ उभे होते. मानेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी गुंडाळलेली. मुठीवर पेनासकट चिकटपट्टी.

"गेन्या, सोड त्यांना!"

गेनू गालातल्या गालात हसला. सर आपली परीक्षा बघतात, एवढं त्याला आता कळायला लागलं होतं.

"नाही सर. गुंडाळलेलं उलगडायचं नसतं. कोणी काही म्हटलं तरी."