एक नंबरची जर्सी

खारवली नावाच्या गावात भिकाजी नावाचा एक शिंपी राहायचा. गाव त्याला भिकूतात्या म्हणे. लोकांचे सदरे-लेंगे तो पोटासाठी शिवायचा आणि गावच्या कबड्डी मंडळाच्या जर्स्या जिवासाठी. स्वतः तो जन्मात एकदाच मैदानात उतरला होता आणि पहिल्याच चढाईत धोतर सुटल्यामुळे तसाच घरी पळाला होता. पण मैदानाच्या कडेला बसून खेळणाऱ्यांना अक्कल शिकवण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता.

तालुक्याच्या सामन्यांत एक मोठी पितळी ढाल मिळायची. एकोणीस वर्षं झाली, ती ढाल खारवलीला आली नव्हती. दरवर्षी संघ उपांत्य सामन्यापर्यंत जायचा आणि थोडक्यात हरायचा. तात्याला आता घाई झाली होती, कारण त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. डॉक्टर म्हणाले होते, "गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा." तात्याने मनाशी ठरवलं होतं की उरलेल्या नजरेने एकदा ढाल बघायची, मग काय व्हायचं ते होवो.

त्या भागात एक रीत होती. दसऱ्याच्या दिवशी मारुतीच्या देवळात पाट मांडायचे आणि प्रत्येक पाटावर एक जर्सी ठेवायची. खेळाडूने नारळ फोडायचा, जर्सी अंगात घालायची, की होळीपर्यंत तो त्या गावाचा. कागद नाही, सही नाही. नारळ फुटला की शब्द दिला. होळी झाली की सगळे मोकळे, ज्याला जिकडे जायचं तिकडे त्याने जावं.

म्हणून होळीपासून दसऱ्यापर्यंतचे सात महिने मोठे कठीण जायचे. मैदानावर गवत वाढायचं आणि गावात अफवा.

त्या वर्षीची अफवा फार मोठी होती. जयसिंग नावाचा एक नामांकित चढाईपटू होता. एका चढाईत तीन-तीन गडी बाद करून येणारा, वर्तमानपत्रात फोटो छापून येणारा. तो खारवलीकडून खेळणार, असं चैत्रात एसटीच्या कंडक्टरने सांगितलं. वैशाखात तोच कंडक्टर म्हणाला, की नाही, जमत नाहीये. ज्येष्ठात पुन्हा जमलं. आषाढात फिसकटलं. श्रावणात मंडळाचे अध्यक्ष काशीभाऊ स्वतः जयसिंगला भेटून आले आणि म्हणाले, "नाही म्हणाला नाही."

एवढ्यावर तात्या महिनाभर जगला.

ज्या दिवशी जयसिंग येणार असायचा त्या दिवशी तात्याचं मशीन गाणं म्हणायचं. ज्या दिवशी तो येणार नसायचा त्या दिवशी गिऱ्हाइकांनी दुकानात पाऊल टाकू नये हे उत्तम. अशाच एका दिवशी त्याने सरपंचांच्या सदऱ्याला एक बाही लांब आणि एक आखूड लावली आणि वर त्यांनाच विचारलं, "तुमचे हात सारखे आहेत कशावरून?"

शेवटी त्याला धीर धरवेना. वर्तमानपत्रातला फोटो समोर ठेवून त्याने जयसिंगच्या छातीचा अंदाज बांधला आणि जपून ठेवलेलं निळं कापड बेतायला घेतलं. त्याची बायको सुभद्रा भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

"बाशिंग आधी बांधलेलं बरं," तात्या म्हणाला, "ऐनवेळी सुतळी सापडत नाही."

फोटोत जयसिंगच्या जर्सीवर एक नंबर होता. तात्यानेही पांढऱ्या कापडाची उभी पट्टी कापली आणि पाठीवर एक नंबर लावला. आता अडचण एवढीच होती, की खारवलीचा एक नंबर रिकामा नव्हता. तो हिरामणचा होता.

हिरामण गावचाच. भाताच्या गिरणीत पोती उचलायचा आणि नऊ वर्षं संघाचा डावा कोपरा सांभाळायचा. समोरचा गडी चढाईला आला, की त्याचा घोटा धरून त्याला जागेवर लोळवायचा, हे त्याचं काम. त्याच्या हाती लागलेला घोटा सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. संघ दरवर्षी उपांत्य सामन्यापर्यंत जायचा तो ह्या कोपऱ्याच्या जिवावर. पण रोज ताटात पडणाऱ्या भाताला कोण वा म्हणतो? संघाची चर्चा निघाली, की तात्या बोटांवर मोजायचा, हा हवा, तो हवा, अमका आणायला हवा. कुणी हिरामणचं नाव घेतलंच तर म्हणायचा, "हिरामण काय, आहेच."

गणपती विसर्जन झालं आणि दरवर्षीप्रमाणे हिरामण गेल्या वर्षीची जर्सी घेऊन माप द्यायला दुकानात आला. खांदा फाटला होता, रंग उडाला होता. गिरणीतून तसाच आल्यामुळे त्याच्या भुवयांवर कोंडा बसलेला होता.

"तात्या, माप घेता ना?" तो म्हणाला.

तात्याने मान वर केली नाही. "तुझं कसलं माप घ्यायचं? तू काय पाहुणा आहेस? नवं कापड जयसिंगपुरतंच आहे. ही जुनीच ठेव, खांदा मी रफू करतो." मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो खूश झाला. "आणि हे बघ, नंबरही उसवायला नको. ह्या एकाशेजारी आणखी एक पट्टी लावली की झाला अकरा. एक नंबर जयसिंगला देऊ."

हिरामण भिंतीवर टांगलेल्या नव्या जर्सीकडे बघत राहिला. "तो मागतोय का एक नंबर?"

"मागायला कशाला हवं? परक्या गावातून यायचं म्हणजे त्याला मान नको द्यायला? तू घरचा आहेस, तू समजून घ्यायचंस."

माणसाची पारख व्हायची वेळ सांगून येत नाही. त्या वेळी तात्याने नुसतं मान वर करून हिरामणच्या तोंडाकडे बघितलं असतं, तरी पुढचं टळलं असतं. पण त्याचं सगळं लक्ष पट्टीवर होतं. हिरामणने जुनी जर्सी नीट घडी करून मशीनच्या कडेला ठेवली आणि "बरं तात्या" म्हणून तो निघून गेला. सुभद्रेने मात्र पाहिलं होतं. ती म्हणाली, "अहो, त्याला वाईट वाटलं."

"हिरामणला? छे गं. तो आहेच," तात्या म्हणाला.

दसरा उजाडला. देवळात दहा पाट मांडले होते. मधल्या पाटावर एक नंबरची नवी कोरी जर्सी, तिच्यावर झेंडूचा हार. शेवटच्या पाटावर रफू केलेली जर्सी, अकरा नंबरची. जयसिंग अकराच्या एसटीने येणार होता. तात्या दहापासून रस्त्यावर उभा होता. एसटी आली, दोन म्हाताऱ्या उतरल्या, एक कोंबड्यांची पाटी उतरली आणि शेवटी कंडक्टर उतरला. त्याने तात्याकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"शहरातल्या एका कंपनीच्या संघात लागला तो. नोकरीसकट."

"अरे, येणार म्हणून तूच सांगितलंस ना?"

"येणार होता तेव्हा सांगितलं," कंडक्टर म्हणाला.

तात्या देवळापर्यंत कसा परत आला ते त्याचं त्यालाच माहीत. काशीभाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे तात्या. आपला हिरामण आहे, बाकीचे आहेत, खेळू. अरे, पण हिरामण कुठाय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एवढा वेळ रस्त्याकडे डोळे लावून बसल्यामुळे शेवटचा पाट रिकामा आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कुणीतरी हिरामणच्या घरी धावलं. त्याची आई अंगण सारवत होती. ती म्हणाली, "तो सकाळीच शेंदूरपाड्याला गेला. नारळ घेऊन गेलाय."

शेंदूरपाडा म्हणजे शेजारचं गाव, मैलभरावरचं. दरवर्षी उपांत्य सामन्यात खारवलीला हरवणारं. तात्याने मधल्या पाटावरची जर्सी उचलली, हार खाली पडला तो तसाच टाकला आणि तो उन्हातून धावत सुटला. कमी दिसत असल्यामुळे बांधावर दोनदा पडला. शेंदूरपाड्याच्या देवळाशी पोचला तेव्हा पायरीवर नारळाचं पाणी अजून ओलं होतं आणि हिरामणच्या अंगात लाल जर्सी होती.

"चल घरी," तात्या धापा टाकत म्हणाला. "एक नंबर तुझाच. हा बघ, घेऊन आलोय."

हिरामण खाली वाकून तात्याच्या पाया पडला. मग म्हणाला, "तात्या, नारळ फुटला."

"माझं चुकलं रे. पण गाव असं सोडून जातात का?"

"ही माणसं सहा वर्षं मला बोलावत होती. दरवर्षी मी सांगायचो, आमचे तात्या जर्सी शिवून बसलेत, मला येता येणार नाही." हिरामणचा आवाज चढला नाही. तो रागावला असता तर तात्याला बरं वाटलं असतं. "काल इथल्या शिंप्याने माझं माप घेतलं. मग विचारलं, नंबर कुठला लावू? नऊ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, तात्या."

"मग कुठला सांगितलास?"

"सुचलंच नाही. म्हटलं, कुठलाही लावा."

तात्या ती जर्सी तशीच काखेत मारून परत आला. अंदाजाने शिवलेली ती जर्सी पुढे गावात कुणाच्याच अंगाला नीट बसली नाही.

त्या हंगामात खारवली पहिल्याच सामन्यात हरली. समोरचे गडी डाव्या कोपऱ्यातून असे ये-जा करत होते, जणू आठवड्याचा बाजार भरलाय. तात्या कडेला बसला होता. सवयीने त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

माघात शेंदूरपाड्याने ढाल जिंकली. शेवटच्या चढाईला आलेल्या गड्याचा घोटा हिरामणने धरला आणि सोडला नाही. मिरवणुकीचा रस्ता खारवलीवरून होता. ताशे वाजत आले, गुलाल उडाला, लोक दारात आले. तात्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. उजव्या डोळ्याने आता नुसता उजेड कळत होता, पण डाव्याने त्याला ढाल अगदी स्वच्छ दिसली. ती हिरामणच्या खांद्यावर होती. हिरामणने त्याला पाहिलं आणि मिरवणुकीतून बाजूला येऊन त्याच्यासमोर उभा राहिला. "तात्या, हात लावा," तो म्हणाला. तात्याने हात पुढे केला, पण तो ढालीपर्यंत नेववला नाही. मागून ढकलाढकली झाली आणि मिरवणूक पुढे गेली.

होळी झाली आणि खेळाडू मोकळे झाले. हिरामणचं काय झालं ते बाकीच्यांनी पाहिलंच होतं. नऊ वर्षं खेळलेल्याची ही गत, तर आपली काय कथा, असं म्हणून दोघे दुसऱ्या गावांना गेले. एकाने खेळणंच सोडलं. उरलेल्यांत सात गडी भरेनात. काशीभाऊंनी दोन-चार उंबरे झिजवले आणि तेही थकले. पुढचा दसरा आला तेव्हा मारुतीला नेहमीचा एक नारळ पुजाऱ्याने फोडला. पाट माळ्यावरून कुणी खालीच काढले नाहीत.

त्या साऱ्या सात महिन्यांत गावात एकही अफवा उठली नव्हती. कोण येणार, कोण जाणार, कोण नाही म्हणाला नाही, काही नाही. कंडक्टर खारवलीच्या थांब्यावर उतरायचा, चहा प्यायचा आणि हवापाण्याबद्दल बोलायचा. तात्या त्याला एकदाही काही विचारायला गेला नाही.

दसऱ्याच्या दुपारी सुभद्रेने ताट वाढलं आणि नवऱ्याला हाक मारली. तो मशीनपुढे नुसताच बसला होता. ती जवळ येऊन म्हणाली, "चला, जेवून घ्या. ढाल नसते काहींच्या नशिबात."

"ढालीचं नाही गं," तात्या म्हणाला. "ह्या वर्षी आपण कुणाकडून हरणारसुद्धा नाही."

तात्पर्य: येणाऱ्यासाठी जागा जरूर करावी, पण टिकून राहिलेल्याला उठवून करू नये. येणारा आला नाही तर माणूस एक वर्ष हळहळतो. 'आहेच' म्हणून ज्याला गृहीत धरलं तो निघून गेला, की वाट बघायलाही काही उरत नाही.