शेपटीची तडजोड

एका जंगलात धान्याच्या कोठारावर एक कुत्रा पहारा देत असे. कोठार साऱ्यांचे होते. मुंगीपासून गव्यापर्यंत जो तो आपला वाटा त्यात आणून टाकी. कुत्र्याचे नाक तिखट होते आणि नाकावरचा राग त्याहून तिखट. बाळांनो, असा एखादा तुमच्याही घरात असेल. आत्ता त्याच्याकडे बघू नका, ओळखेल.

एके दिवशी कोठारातली मक्याची कणसे कमी भरली. नेमकी त्याच वेळी एक म्हातारी खार मक्याचा दाणा कुरतडत समोरून चालली होती. झाले! कुत्र्याने विचारले नाही, पुसले नाही. झडप घालून तिची शेपटी धरली आणि दिला हिसडा. खार सुटली, पण शेपटी त्याच्याच तोंडात राहिली.

"अरे मेल्या, हा दाणा माझ्या घरचा आहे!" खार कळवळली.

"सगळे चोर असेच म्हणतात," कुत्रा म्हणाला. तोंडात शेपटी असल्यामुळे ते कोणाला नीट कळले नाही, ही गोष्ट वेगळी.

पहारेकऱ्यांचा साहेब होता कोल्हा. खारीने त्याच्याकडे तक्रार दिली. त्याने ती पळसाच्या पानावर लिहून घेतली आणि चौकशी सोपवली कुत्र्याच्या सख्ख्या भावाकडे! भावाने कसून चौकशी केली, म्हणजे कुत्र्याबरोबर दोनदा जेवला, आणि लिहून दिले, "शेपटी आपोआप गळाली."

इकडे कुत्र्याने वास घेत घेत कोठारामागचे एक बीळ उकरले, तर आत एक घूस चोरलेल्या कणसांवर खुशाल लोळत पडलेली. कुत्र्याचे कानच पडले. त्याने साहेबाला सांगितले. साहेबाने घुशीला गुपचूप जंगलाबाहेर हाकलले आणि म्हटले, "तू काही पाहिले नाहीस. मीही नाही."

खार मात्र चिवट. तिने हत्तीच्या न्यायसभेत दावा लावला. आता कोल्ह्याला घाम फुटला. सुनावणी झाली असती तर सशाच्या कानाचे, मुंगसाच्या पायाचे, अशी दाबून ठेवलेल्या तक्रारींची कितीतरी जुनी पाने बाहेर आली असती. तो कुत्र्याला घेऊन खारीच्या ढोलीपाशी गेला.

"आजी, कोठारातून पोतेभर शेंगा देतो. दावा मागे घ्या आणि याविषयी कुठे बोलू नका."

"शेंगा घेईन बाबा. शेपटीवाचून फांदीवर तोल राहत नाही, खाऊ काय? पण याने एकदा चारचौघांत म्हणावे, की खार चोर नाही."

"तेवढे सोडून बोला," कोल्हा गोड हसला. "तडजोडीत कोणाचीच चूक नसते."

पोटापुढे खारीचे काही चालले नाही. तिने पानावर पंजा उमटवला. पोत्यातल्या काही शेंगा तिनेच कोठारात टाकलेल्या होत्या. कुत्र्याच्या घरची मात्र एकही नव्हती.

परत येताना कुत्रा हळूच म्हणाला, "साहेब, मी नुसती माफी मागू का?"

"माग की! माफी म्हणजे कबुली. मग उद्यापासून पहारा सोड आणि घरी माश्या मार."

कुत्रा गप्प बसला. जंगल मात्र गप्प बसले नाही. "चोरी केली ती केली, वर शेंगा लाटल्या!" असे जो तो खारीला ऐकवू लागला. तोंड बांधलेली खार काय बोलणार?

उन्हाळ्यात पाणवठ्यावर रांग लागली. रांग लावायला कुत्रा होता, लांब सावलीत कोल्हा बसला होता. खार पुढे सरकली तसे एक माकड ओरडले, "चोरांना मागे काढा!" सगळे हसले. खारीने कुत्र्याकडे पाहिले. कुत्र्याने तोंड उघडले. सगळे जंगल समोर होते, यापरते चारचौघे कुठे मिळणार होते? पण सावलीत कोल्हा नुसता खोकला.

"म्हातारे, मागे हो," कुत्रा म्हणाला आणि तिला सारायला त्याने पंजा उचलला.

खार दचकली. शेपटी जिथे होती ती जागा दोन्ही पंजांनी झाकून ती म्हणाली, "जाते रे बाबा, जाते. धरू नकोस."

ती रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तो दिवसभर रांग लावत राहिला, पण त्या टोकाकडे काही फिरकला नाही.

तात्पर्य एवढेच : नुकसानीची भरपाई दुसऱ्यांच्या वाट्यातून करता येते, पण 'माझे चुकले' हे मात्र ज्याचे त्यालाच, स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागते.