गोगलगाईचं दुसरं दान

वडाखालचे प्राणी मातीत घरं आखून राक्षसाच्या गुहेचा खेळ खेळत, त्या काळची गोष्ट. सगळे पोचले तरच गुहा उघडायची. गोगलगाय कवड्यांच्या दर दानाला निम्मीच घरं चालायची, म्हणून तिला दोन दानं, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं.

मग कोळ्याने तो खेळ जाळ्याच्या पडद्यावर उतरवला. दवाचे थेंब सोंगट्या होऊन पळू लागले. सगळे हरखले.

"यात लाड नाहीत. सगळ्यांना एकच दान," कोळ्याने बजावलं.

ससा भराभर गुहेशी पोचला, मागोमाग खार. पण दार उघडेना. गोगलगाय अजून चौथ्याच घरात होती आणि आत राक्षस दात विचकत होता.

"कोळीदादा," ससा कळवळून म्हणाला, "तिचं दुसरं दान परत दे. आम्हाला आत जायचंय."

कोळ्याने एक धागा उसवून नवा विणला. गोगलगाईने दुसऱ्यांदा कवड्या टाकल्या, तेव्हा सगळ्यांत पुढे वाकून कोळीच बघत होता.